मिस्त्रालचा करार मोडला, पण नुकसान कुणाचं झालं?

प्रश्न वास्कोत जहाजबांधणी शिकणाऱ्या एका मुलीचा आहे. फ्रान्सने रशियासाठी दोन मिस्त्राल युद्धनौका बांधल्या, ऐनवेळी द्यायला नकार दिला, २०१५ मध्ये पैसे परत केले आणि त्याच नौका इजिप्तला विकल्या. रशियाला पैसे मिळाले, फ्रान्सला दुसरं गिऱ्हाईक मिळालं, इजिप्तला तयार जहाजं मिळाली. मग या सगळ्यात नुकसान कुणाचं झालं, आणि फ्रान्सने केलं ते बरोबर की चूक?

माझी ३४ वर्षं मुंबईत गोदीत गेली. त्यातली बरीचशी सुपूर्तीच्या विभागात. बांधून झालेल्या जहाजाच्या ट्रायल घ्यायच्या, गिऱ्हाइकाच्या माणसांना ते शिकवायचं आणि सह्या होऊन त्यांचा झेंडा वर चढला की खाली उतरायचं, हे माझं काम. त्यामुळे मी या प्रकरणाकडे धक्क्यावरून बघतो, आणि धक्क्यावरून हिशोब वेगळा दिसतो.

आधी जहाज काय होतं ते बघू. मिस्त्राल म्हणजे १९९ मीटर लांब, पूर्ण भारात २१ हजार टनांच्या वर जाणारी, सैन्य किनाऱ्यावर उतरवणारी नौका. वर हेलिकॉप्टरांसाठी सपाट डेक, खाली १६ मोठी हेलिकॉप्टरं मावतील एवढं हँगर, त्याखाली रणगाडे आणि गाड्या, आणि पाठीमागे पाणी भरून घेता येईल अशी पोटातली गोदी, तिथून उतरण्याचे तराफे थेट समुद्रात निघतात. ६९ खाटांचं इस्पितळ आहे, अख्खी मोहीम चालवता येईल असं नियंत्रण केंद्र आहे. लढाईत ही स्वतः फार मारा करत नाही. ती दुसऱ्याच्या किनाऱ्यावर फौज नेऊन ठेवते.

हे मुद्दाम सांगतोय. २००८ च्या ऑगस्टमध्ये रशिया आणि जॉर्जियाचं युद्ध झालं. त्यानंतर वर्षभराने रशियन नौदलाचे तेव्हाचे प्रमुख अ‍ॅडमिरल व्हिसोत्स्की जाहीरपणे म्हणाले की असं जहाज हाताशी असतं तर काळ्या समुद्रातल्या ताफ्याला ज्या कामाला २६ तास लागले ते ४० मिनिटांत झालं असतं. गिऱ्हाईक दुकानात शिरतानाच सांगत होतं की वस्तू कशासाठी हवी आहे. तरी १७ जून २०११ ला सेंट पीटर्सबर्गमध्ये करार झाला. एका बाजूला फ्रान्सची युद्धनौका बांधणारी कंपनी डीसीएनएस, दुसऱ्या बाजूला रशियाची सरकारी शस्त्र कंपनी रोसोबोरोनएक्सपोर्ट, दोन जहाजं, सुमारे १२० कोटी युरो. तेव्हा सार्कोझी फ्रान्सचे अध्यक्ष होते. २००८ च्या मंदीनंतर फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या सँ-नाझेरच्या गोदीत क्रूझ जहाजांच्या ऑर्डरी आटल्या होत्या आणि गोदीला काम हवं होतं. गोदी रिकामी राहणं म्हणजे काय हे मी पाहिलंय, त्यामुळे त्या मोहाला मी नावं ठेवणार नाही. पण चूक झाली ती त्या दिवशी. पुढे जे झालं ते त्या चुकीचं व्याज.

जहाजाचे मागचे भाग सेंट पीटर्सबर्गच्या बाल्टिक शिपयार्डमध्ये वेल्ड झाले, समुद्रमार्गे ओढून सँ-नाझेरला आणले गेले आणि तिथे पुढच्या भागाला जोडले. रशियाच्या का-५२ हेलिकॉप्टरांना एकावर एक असे दोन पंखे असतात, ती उंच असतात, म्हणून हँगरची उंची वाढवली. बर्फाळ पाण्यासाठी हल, म्हणजे जहाजाचं धड, मजबूत केला. पहिल्या जहाजाचं नाव व्लादिवोस्तोक, ते ऑक्टोबर २०१३ मध्ये पाण्यात उतरलं. दुसऱ्याचं नाव सेवास्तोपोल. हे नाव क्रिमियाच्या आधी ठरलेलं होतं. मार्च २०१४ मध्ये रशियाने युक्रेनचा क्रिमिया घेतला आणि फ्रान्सच्या गोदीत उभ्या असलेल्या जहाजाला क्रिमियातल्या शहराचं नाव होतं.

तरी काम थांबलं नाही. ३० जून २०१४ ला स्मोल्नी हे रशियन प्रशिक्षण जहाज सुमारे ४०० खलाशी घेऊन सँ-नाझेरला आलं. ते स्मोल्नीवरच राहायचे, सकाळी नव्या जहाजावर शिकायला यायचे. १७ जुलैला युक्रेनच्या आकाशात मलेशियाचं प्रवासी विमान पाडलं गेलं, २९८ माणसं गेली. महिनाअखेर युरोपीय संघाने शस्त्रबंदी लावली, पण आधीच्या करारांना तीतून वगळलं. सप्टेंबरच्या सुरुवातीला, वेल्समधल्या नाटोच्या बैठकीच्या तोंडावर, फ्रान्सचे नवे अध्यक्ष ओलांद म्हणाले की सुपूर्तीसारखी परिस्थिती नाही. त्यानंतरच्या आठवड्यात ते रशियन खलाशी व्लादिवोस्तोकवर चढून समुद्रात ट्रायलला गेले! २५ नोव्हेंबरला सुपूर्ती बेमुदत थांबली. १८ डिसेंबरला स्मोल्नी आपली माणसं घेऊन परत निघालं, जहाज तिथेच राहिलं.

या ४०० माणसांबद्दल कुणी फार लिहीत नाही. सुपूर्तीच्या आधीचे महिने मी अनेकदा अनुभवले आहेत. गिऱ्हाइकाचे खलाशी येतात तेव्हा पहिला आठवडा ते बोटीत वाट चुकतात. दुसऱ्या महिन्यात अंधारातही व्हॉल्व कुठे आहे ते हाताने सापडतं. कुणीतरी आपल्या बंकच्या आतल्या बाजूला मुलीचा फोटो चिकटवतो. आमच्या फिटर लोकांशी त्यांची दोस्ती होते, भाषा येत नसली तरी होते. जहाज कागदावर त्यांचं व्हायच्या आधीच ते त्यांचं झालेलं असतं. तिथून त्यांना उतरवणं हे कुठल्याच तडजोडीच्या रकमेत बसत नाही.

५ ऑगस्ट २०१५ ला दोन्ही अध्यक्षांनी करार संपवल्याचं जाहीर केलं. त्याआधी आठ महिने फ्रान्सकडून लुई गोतिए आणि रशियाकडून उपपंतप्रधान रोगोझिन वाटाघाटी करत होते. फ्रान्सने सुमारे ९५ कोटी युरो परत केले. त्यातले सुमारे ८९ कोटी ३० लाख म्हणजे रशियाने भरलेले हप्ते. उरलेले ५ कोटी ७० लाखांच्या आसपास खलाशांच्या प्रशिक्षणासारख्या, रशियाने स्वतः केलेल्या खर्चापोटी. दंड नाही. बदल्यात जहाजं पूर्णपणे फ्रान्सच्या मालकीची झाली आणि कुणालाही विकायची मोकळीक मिळाली. २३ सप्टेंबरला इजिप्तचं नाव जाहीर झालं, किंमत सुमारे ९५ कोटी.

दिले तेवढेच आले, असं वर्तमानपत्रात छापून आलं, आणि तुमचा प्रश्नही तिथूनच निघाला असावा. आता पाटीवर मांडून बघा. करार १२० कोटींचा, हप्ते आले ८९ कोटी. म्हणजे सुमारे ३० कोटी अजून यायचे होते, आणि त्या पैशांचं पोलाद, मजुरी, यंत्रं गोदीने आधीच खर्च केली होती. १२० च्या जागी ९५ आले, त्यातून आणखी पावणेसहा कोटी रशियाला गेले. एवढ्यावरच ३० कोटी युरोंचं भोक दिसतं. त्यात दोन जहाजं वर्षभर सांभाळायचा खर्च, रशियन संपर्क यंत्रणा उतरवायचा खर्च आणि इजिप्तसाठी नवं काम धरलेलं नाही. विम्यामुळे कंपनी बरीच वाचली, पण तो कोफासचा, म्हणजे सरकारच्या हमीवरचा विमा होता. विम्याने भोक बुजवलं आणि त्या भरपाईचे पैसे गेले फ्रान्सच्या करदात्याच्या खिशातून.

जहाज सांभाळणं म्हणजे काय, हे थोडं सविस्तर सांगतो. तुम्ही शिकताय, उपयोगी पडेल.

माझ्या नोकरीच्या दहाव्या-बाराव्या वर्षी आमच्याकडे एका परदेशी गिऱ्हाइकाचं गस्ती जहाज अडकलं. तिकडे सरकार बदललं, हप्ते थांबले, पत्रांना उत्तरं येईनात. जहाज ९० टक्के तयार. ते सतरा महिने आमच्या धक्क्याला बांधून होतं आणि त्यातले अकरा महिने माझ्या ताब्यात होतं. लोकांना वाटतं उभ्या जहाजाला काय लागतं, दोरखंड बांधले की झालं. रोज सकाळी टर्निंग गिअर लावून मुख्य इंजिन आणि शाफ्ट थोडे फिरवायचे, नाहीतर वजन एकाच जागी बसून बेअरिंगवर खूण पडते. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आत ओलावा असा असायचा की सकाळी बल्कहेडवरून, म्हणजे आतल्या भिंतींवरून, पाण्याचे ओघळ. प्रत्येक मोटरचं इन्सुलेशन मेगर नावाच्या मीटरने मोजून वहीत लिहायचं आणि आकडा उतरला की हीटर लावायचा. एकदा स्टिअरिंगच्या पंपाच्या मोटरचा आकडा चार दिवसांत असा घसरला की ती काढून ओव्हनमध्ये वाळवावी लागली. पाण्याखाली शिंपले आणि शेवाळ. मुंबईच्या पाण्यात सहा महिन्यांत हलला दाढी येते. खानसाम्याच्या खोलीतली भांडी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली, तशीच. आणि सगळ्या टॅली प्लेट, म्हणजे यंत्रांवरच्या नावाच्या पट्ट्या, गिऱ्हाइकाच्या भाषेत, आमच्यापैकी कुणालाच न वाचता येणाऱ्या.

शेवटी ते दुसऱ्याला कमी किमतीत गेलं. नवा मालक यायच्या आधी जुनं नाव काढायचं होतं. अक्षरं वेल्डिंगने उठवलेली होती, नुसता रंग मारून ती जात नाहीत, ग्राइंडरने घासावी लागतात. ज्या वेल्डरने ती अक्षरं उठवली होती त्यालाच मुकादमाने ग्राइंडर दिला. त्याने अर्धा दिवस घासलं. दुपारी जेवायला बसला तेव्हा कुणाशी बोलला नाही. उन्हात तिरकं बघितलं तर त्यानंतरही ते नाव दिसायचं.

सँ-नाझेरला हे दोनदा झालं, दहापट मोठ्या आकारावर. व्लादिवोस्तोकचं गमाल अब्देल नासेर झालं, सेवास्तोपोलचं अन्वर अल सादात. पहिलं जून २०१६ मध्ये आणि दुसरं सप्टेंबर २०१६ मध्ये इजिप्तच्या ताब्यात गेलं. तरी फ्रान्सचं नशीब म्हणायचं. सगळ्यांना असं गिऱ्हाईक मिळत नाही. इराकने इटलीत बांधून घेतलेल्या दोन कॉर्वेट, म्हणजे छोट्या युद्धनौका, युद्ध आणि निर्बंधांमुळे ला स्पेझियाच्या बंदरात सुमारे तीन दशकं पडून राहिल्या, तिथेच म्हाताऱ्या झाल्या.

रशियाचं नुकसान? पैसे मिळाले खरे, पण पैशाने वेळ विकत मिळत नाही. मोठ्या जहाजाचे तुकडे वेगवेगळ्या गोद्यांत बांधून अचूक जोडायची पद्धत त्यांना शिकायची होती. दोन जहाजं फ्रान्समध्ये झाल्यावर पुढची दोन रशियात बांधायचा विचार होता. तो रस्ता बंद झाला. जुलै २०२० मध्ये त्यांनी स्वतःच्या आराखड्याच्या अशा दोन जहाजांचं काम सुरू केलं, इव्हान रोगोव्ह आणि मित्रोफान मोस्कालेन्को, तेही क्रिमियातल्या केर्चच्या गोदीत. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाला तेव्हा त्यातलं एकही तयार नव्हतं. ओडेसाच्या किनाऱ्यावर फौज उतरेल अशी भीती त्या दिवसांत जगभर होती. काळ्या समुद्रात दोन मिस्त्राल असत्या तर काय झालं असतं, हे छातीठोक कुणीच सांगू शकणार नाही. पण ते काम करायलाच हे जहाज बनतं, म्हणून मी ठामपणे सांगतो: फ्रान्सने नकार दिला ते बरोबर केलं. तो २०११ मध्ये द्यायला हवा होता, किंवा निदान मार्च २०१४ मध्ये. तेव्हापासून नोव्हेंबरपर्यंत खलाशी बोलावणं, ट्रायल घेणं, आज हो उद्या नाही म्हणणं, यात फ्रान्सने दोन्ही बाजूंचा रोष ओढवून घेतला.

विश्वासाचं काय, हा त्या वेळी सगळ्यात मोठा मुद्दा होता. मुंबईत तो आम्हाला फार जवळचा होता, कारण माझगाव डॉकमध्ये याच डीसीएनएसच्या आराखड्यावर सहा स्कॉर्पीन पाणबुड्या बांधल्या जात होत्या, २००५ चा करार. उद्या आपल्याशी बिनसलं तर पॅरिसमधून सुटे भाग थांबतील का, असं कँटीनमध्ये बोललं जायचं. काळजी रास्त होती. पण झालं काय ते बघा. मिस्त्रालची सुपूर्ती अडकलेली असतानाच, फेब्रुवारी २०१५ मध्ये, इजिप्तने २४ राफेल घेतली. एप्रिलमध्ये पंतप्रधान मोदींनी पॅरिसमध्ये ३६ राफेलची घोषणा केली, मे महिन्यात कतारने २४ घेतली. आपली पहिली स्कॉर्पीन, कलवरी, डिसेंबर २०१७ मध्ये मुंबईतच नौदलात दाखल झाली. गिऱ्हाईक पळून गेलं नाही. उलट ज्यांच्या भीतीची कदर करून फ्रान्सने करार मोडला त्यातल्या पोलंडनेच ५० फ्रेंच कॅराकाल हेलिकॉप्टरांची बोलणी ऑक्टोबर २०१६ मध्ये तोडली. त्याची कारणं पोलंडच्या घरातली होती, पण शस्त्रांच्या बाजारात उपकाराची परतफेड होत नाही एवढं त्यातून कळतं.

पुढे हेच फ्रान्सच्या वाट्याला आलं. ऑस्ट्रेलियाने डीसीएनएसकडूनच, जिचं नाव पुढे नेव्हल ग्रुप झालं, १२ पाणबुड्या घ्यायचं ठरवलं होतं. सप्टेंबर २०२१ मध्ये अमेरिका आणि ब्रिटनशी हातमिळवणी करून त्यांनी तो करार सोडला. फ्रान्सने कॅनबेरा आणि वॉशिंग्टनहून आपले राजदूत परत बोलावले. जून २०२२ मध्ये ५५ कोटी ५० लाख युरोंवर तडजोड झाली. ऑस्ट्रेलियाचा एकूण खर्च सुमारे ३४० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर, आणि एकही पाणबुडी पाण्यात नाही. इथे धक्क्याला अडकलेलं जहाज नव्हतं, म्हणून छायाचित्रं आली नाहीत. पण त्यांच्या जुन्या कॉलिन्स पाणबुड्यांना आता ठरल्यापेक्षा कितीतरी जास्त वर्षं ओढायचं आहे, आणि ते ओझं त्या पाणबुड्यांच्या इंजिन रूममधल्या माणसांवर आहे.

यापेक्षा महाग पडलेला नकार एकच मला माहीत आहे. १९१४ च्या उन्हाळ्यात तुर्कस्तानच्या दोन मोठ्या युद्धनौका, सुलतान उस्मान आणि रेशादिये, इंग्लंडमध्ये तयार होत्या. त्यासाठी सामान्य तुर्की माणसांनी वर्गणी दिली होती. ताबा घ्यायला आलेले शेकडो तुर्की खलाशी टाइन नदीत थांबले होते. ऑगस्टच्या सुरुवातीला नौदलमंत्री चर्चिल यांनी दोन्ही जप्त केल्या. लगेच जर्मनीने आपल्या दोन नौका इस्तंबूलला पाठवून तुर्कस्तानला दिल्या. तुर्कस्तान जर्मनीकडे आधीच झुकलेलं होतं, पण वर्गणी दिलेल्या माणसांचा संताप जर्मनीच्या कामी आला. सँ-नाझेरचे रशियन खलाशी आठवले की मला टाइनवरचे ते तुर्क आठवतात.

आता तुमच्या गावाकडे येतो. क्रिमियानंतर युक्रेननेही रशियाला लष्करी माल द्यायचं बंद केलं. त्यात मिकोलाइव्हच्या झोर्या कारखान्याची गॅस टर्बाइनं होती. रशियाच्या कॅलिनिनग्राडमधल्या यांतार गोदीत ग्रिगोरोविच वर्गाच्या सहा फ्रिगेट व्हायच्या होत्या. तीन झाल्या, उरलेल्यांचे हल इंजिनाशिवाय उभे राहिले. ना पुढे, ना मागे. त्यातले दोन भारताने घेतले. टर्बाइनं युक्रेनकडून आपण विकत घेतली आणि रशियाच्या गोदीत पोचवली. एकमेकांशी न बोलणाऱ्या दोन देशांचं काम आपल्या कागदांवर जुळलं. त्यातली पहिली, आयएनएस तुशील, डिसेंबर २०२४ मध्ये नौदलात आली, दुसरी, तमाल, जुलै २०२५ मध्ये. त्याच आराखड्याच्या आणखी दोन तुमच्या वास्कोतल्या गोवा शिपयार्डने बांधायला घेतल्या. त्रिपुट जुलै २०२४ मध्ये पाण्यात उतरली, तवस्य मार्च २०२५ मध्ये.

तुमच्या कॉलेजातून गोवा शिपयार्डला भेट निघाली तर या जहाजांच्या इंजिन रूममध्ये जायची परवानगी मागा. टर्बाइन बसवायच्या पायाची मापं, एक्झॉस्टचा मार्ग, गिअरबॉक्सची जागा, सगळं एका ठरावीक इंजिनाभोवती आखलेलं असतं. ते इंजिन मिळालं नाही तर दुसरं आणून ठेवता येत नाही. जहाज पुन्हा कापावं लागतं. कॅलिनिनग्राडला ते हल का अडकले, हे तिथे उभं राहिल्यावर पाच मिनिटांत कळेल. तिथल्या जुन्या फिटरला विचारा, तो माझ्यापेक्षा चांगलं समजावेल.